धागा तुटतो तिथेच

कोनला राहणाऱ्या माणसाला कंटेनर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग गावाला लागून जातो, रसायनी-पाताळगंगेकडे नेणारा सावळा रस्ता इथूनच फुटतो, आणि न्हावाशेवा बंदरातून निघालेले ट्रेलर दिवसरात्र नजरेसमोर असतात. माझ्या रविवारच्या वर्गाला मुले पहिल्यांदा येतात तेव्हा मी त्यांना खिडकीशी उभे करते आणि विचारते, त्या बंद पेटीत काय आहे? चालकालाही ते ठाऊक नसते. तो सील पाहतो, नंबर पाहतो, कागद सांभाळतो. आत काय आहे ते पॅकिंग लिस्ट सांगते, आणि शंका आली तर कस्टम्सचे लोक गाडी क्ष-किरण स्कॅनरमधून काढतात.

मग मी त्यांना स्वतःचा कॉलेजचा प्रकल्प उघडायला लावते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. स्वतः लिहिलेल्या ओळी दोन-अडीच हजार असतात. बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्या मोजायला बसलो की आकडा शेकड्यांत जातो, कारण आपण मागवलेली प्रत्येक लायब्ररी आपल्याबरोबर आणखी दहा घेऊन येते. त्यांची नावे मुलांनी कधी वाचलेली नसतात. खोली थोडा वेळ गप्प होते. पुढची पाने त्या शांततेतून लिहिली गेली आहेत.

विषय असा आहे : जिथे सॉफ्टवेअरचा कोड ठेवला जातो आणि जिथे अनेक हात तो रोज बदलतात, त्या रेपोवर आपोआप चालणारी सुरक्षा-तपासणी कशी बसवायची, ती काय पाहू शकते, काय पाहू शकत नाही, आणि तिने दिलेल्या इशाऱ्यांचे माणसांनी काय करायचे. मी ‘रेपो’, ‘कमिट’, ‘पुश’, ‘स्कॅन’ हेच शब्द वापरले आहेत. पनवेल स्टेशनवर संध्याकाळच्या लोकलमधून उतरणारी पोरे हेच शब्द बोलतात, आणि शिकणाऱ्याच्या तोंडचा शब्द बदलायला लावून विषय सोपा होत नाही. जिथे मराठी शब्द सहज हाताशी आला, तिथे तो घेतला आहे.

हा विषय दूरच्या कुठल्या कंपनीचा आहे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी एक घटना सांगते. २७ जून २०१७ च्या संध्याकाळी जेएनपीटी बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झाले. ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातले, आणि त्या दिवशी जगभर मर्स्कचे संगणक एकामागून एक बंद पडत होते. कुठली पेटी कुठे रचली आहे, कुठली कुणाला द्यायची, हे सांगणारी यंत्रणाच गेली. माल बंदरात अडकला, गाड्या उभ्या करायला जागा शोधावी लागली. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला.

मूळ कुठे होते? युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी घरोघरच्या धंद्यांत वापरले जाणारे एम.ई.डॉक नावाचे सॉफ्टवेअर आहे. हल्लेखोर त्याच्या निर्मात्यांच्या यंत्रणेत शिरले आणि त्यांनी सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतींमध्ये चोरदरवाजा बसवला. ग्राहकांनी नेहमीप्रमाणे अपडेट घेतले. त्या वाटेने नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम आत आला, आणि आत आल्यावर विंडोजमधल्या ज्या छिद्राचा त्याने उपयोग केला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे तीन महिने आधी, काढला होता. न्हावाशेव्यातल्या कुणाही प्रोग्रॅमरने स्वतःच्या रेपोवर स्कॅनर बसवला असता तरी त्या संध्याकाळचे संकट टळले नसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही वर्गाची सुरुवात मी इथूनच करते. कीव्हमधल्या एका छोट्या कंपनीच्या कोडमध्ये कुणीतरी घातलेली भर आपल्या तालुक्याशेजारच्या बंदरातली क्रेन थांबवू शकते, एवढे कळले की आपला रेपो हा आपल्यापुरता नाही हे वेगळे समजावावे लागत नाही.

आता घरातली गोष्ट. कोनमधल्या घरांची गिरणी कामगारांसाठीची सोडत २०१६ साली निघाली, २,४१७ घरांची. त्यातले एक आमच्या अण्णांच्या नावावर आले, म्हणून आम्ही इथे. अण्णांची सारी नोकरी परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात गेली. साच्यावर, म्हणजे मागावर, विणलेले कापड शेवटी फोल्डिंगला यायचे. तिथे ते पसरून डोळ्यांखालून घालायचे, डाग, गाठ, सुटलेला धागा शोधायचा, घडी घालायची, शिक्का मारायचा. मी काय काम करते हे त्यांना समजावताना मी म्हटले, अण्णा, मी पण फोल्डिंगलाच आहे, फक्त कापडाऐवजी कोड. त्यांनी विचारले, “म्हणजे सगळं विणून झाल्यावर तुझ्याकडे येतं?” मी हो म्हटले. ते म्हणाले, “मग तुझा काय उपयोग? धागा तुटतो साच्यावर. तिथे साचा थांबला तर एक गाठ मारून काम होतं. माझ्याकडे येईपर्यंत त्याचे चाळीस वार झालेले असतात.”

या विद्येतला सगळ्यात मोठा बदल याहून नेमका मला कुणी सांगितलेला नाही. पूर्वी सुरक्षा-तपासणी फोल्डिंगला व्हायची : सॉफ्टवेअर पूर्ण व्हायचे, बाहेरचे तपासनीस यायचे, जाड अहवाल द्यायचे, आणि तोवर लिहिणारी माणसे दुसऱ्या कामाला लागलेली असायची. रेपोवरच्या आपोआप तपासणीचा अर्थ असा की ती साच्यावर बसते. कोड लिहिणाऱ्याने बदल पुढे पाठवला की काही मिनिटांत इशारा त्याच्यासमोर येतो, विचार अजून डोक्यात गरम असताना. १९२४ साली जपानमध्ये साकिची तोयोदांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा साचा पूर्णत्वाला नेला, आणि त्या कुटुंबाने पुढे काढलेल्या मोटार कारखान्याने ‘दोष दिसला की तिथेच थांब’ हे तत्त्व जगाला शिकवले. आपल्या क्षेत्राने ते तत्त्व बरेच उशिरा उचलले.

तपासणी काय काय पाहते, त्याचे तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. इथे थोडी ओळख करून देते, सगळ्यांना सारखी जागा न देता.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात आधी बसवावी अशी तपासणी गुपितांची : पासवर्ड, टोकन, क्लाउडच्या किल्ल्या चुकून कोडमध्ये राहिल्या आहेत का ते पाहणारी. मी स्वतः ही चूक केली आहे. एका छोट्या कंटेनर यार्डासाठी मी गेट-नोंदीचा प्रोग्रॅम लिहीत होते. रात्री उशिरा चाचणी घेताना डेटाबेसचा पासवर्ड सरळ फाइलमध्ये लिहिला आणि पुश केले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, ती ओळ खोडली, पुन्हा पुश केले आणि निश्चिंत झाले. वर्षभराने नवीन आलेल्या एका मुलीने तो पासवर्ड मला वाचून दाखवला. गिट काही विसरत नाही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ते घडवले तेच प्रत्येक बदल जपून ठेवण्यासाठी. आजच्या फाइलमधून ओळ गेली तरी इतिहासात ती जशीच्या तशी असते. म्हणून किल्ली सापडली की पहिले काम ओळ खोडण्याचे नाही. पहिले काम म्हणजे ती किल्लीच निकामी करणे, नवीन काढणे, आणि मधल्या काळात ती कुणी वापरली का याच्या नोंदी पाहणे. इतिहास साफ करायचा तर तो त्यानंतर.

मी एकटी नाही हे मला नंतर कळले. साच्याची गोष्ट ज्या घराण्याची, त्याच टोयोटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले की टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा काही भाग एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये चुकून सर्वांना दिसेल असा गिटहबवर ठेवला होता. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची किल्ली होती. सुमारे पाच वर्षे ती तशीच राहिली, आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला कळवावी लागली. इतक्या शिस्तीच्या घरात हे होते ते माणसे निष्काळजी असतात म्हणून नव्हे. कोडच्या साच्यावर धागा पाहणारा डोळा बसवलेला नव्हता, म्हणून.

दुसरी तपासणी बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्यांची. जगात कुठेही एखाद्या लायब्ररीत दोष सापडला की त्याला सीव्हीई क्रमांक मिळतो आणि तो जाहीर यादीत जातो. स्कॅनर आपल्या रेपोतल्या लायब्ऱ्यांची नावे व आवृत्त्या त्या यादीशी ताडून पाहतो. काम कारकुनी आहे, पण त्याचे मोल डिसेंबर २०२१ मध्ये कळले. लॉगफोरजे ही जावातली नोंदी लिहिण्याची साधी लायब्ररी. अलिबाबाच्या क्लाउड विभागातल्या एका संशोधकाने तिच्यातला दोष नोव्हेंबरअखेर कळवला, ९-१० डिसेंबरला तो जगजाहीर झाला, आणि गंभीरतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० मिळाले. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टेबलांवर एकच प्रश्न होता : आपल्याकडे लॉगफोरजे कुठे आहे? ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी दुपारपर्यंत उत्तर दिले. ज्यांच्याकडे नव्हती ते सर्व्हरमागून सर्व्हर उघडत बसले, कारण ही लायब्ररी बहुतेकांनी स्वतः मागवलेलीच नव्हती. ती दुसऱ्या कुणाच्या पोटातून आली होती.

ती यादी म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकिंग लिस्ट. तिला एसबॉम म्हणतात आणि आता ती सरकारदरबारीही पोचली आहे. शेअर बाजारातल्या संस्थांसाठी सेबीने २० ऑगस्ट २०२४ ला सायबर सुरक्षेची जी चौकट काढली तिच्यात एसबॉमची अपेक्षा आहे, आणि सायबर घटनांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एसबॉमची तांत्रिक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्याआधी सर्ट-इनच्याच २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक झाले होतेच. सहा तासांत कळवायचे तर आपल्या पेटीत काय आहे हे आधीच लिहिलेले असावे लागते. मुलांना मी सांगते, नोकरीच्या मुलाखतीत एसबॉम म्हणजे काय हे पाठ करून सांगू नका. स्वतःच्या प्रकल्पाची यादी काढून न्या.

आणि हो, सॉफ्टवेअरमध्येही ‘कंटेनर’ असतो. २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका बंद पेटीत भरून पाठवण्याची रीत पडली. नाव बंदरावरूनच घेतलेले आहे. या पेट्याही स्कॅन करता येतात, कराव्यात. तंत्र यादी ताडण्याचेच आहे, म्हणून इथे थांबत नाही.

माझे मन जिथे रमते ती तिसरी तपासणी, कोडच्याच अर्थाची. यंत्राने कोड न चालवता, नुसता वाचून, त्यातला दोष कसा ओळखावा? १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिले. कापडावरचा बारीक धागा-कापूस वेचावा तसे कोडमधले संशयास्पद तुकडे वेचणारे, म्हणून ते नाव. लिंट असे तुकडे पाहते, मूल्याचा प्रवास पाहत नाही. पण पुष्कळ खरे धोके एका ओळीत नसतात, वाटेत असतात. हे जवळून पाहू.

यार्डाच्या फाटकावर गाडी येते. कारकून कंटेनरचा नंबर टाइप करतो : चार अक्षरे, सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून ठरावीक हिशेबाने येतो, म्हणून टाइप करताना झालेली चूक सहसा तिथल्या तिथे पकडता येते. प्रोग्रॅममध्ये हा नंबर एका चलात येतो. पहिले फंक्शन त्याच्या मागची-पुढची मोकळी जागा काढते. दुसरे अक्षरे मोठी करते. तिसरे तो एका वाक्यात चिकटवते, ‘या नंबरची पेटी शोध’, आणि ते वाक्य डेटाबेसकडे जाते. प्रत्येक फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या माणसाने, वेगळ्या महिन्यात लिहिलेले. प्रत्येक आपापल्या जागी निर्दोष. आता टाइप करणारा कारकून नसून दुसराच कुणी आहे असे धरा, आणि त्याने नंबराऐवजी एक अवतरणचिन्ह आणि त्यापुढे डेटाबेसला कळेल अशी आज्ञा टाइप केली. तिसऱ्या फंक्शनने ती इमानाने चिकटवली. डेटाबेसने ती इमानाने पाळली. सगळ्या पेट्यांच्या नोंदी बाहेर. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात; १९९८ पासून यावर उघडपणे लिहिले गेले आहे आणि अजूनही ते रोज सापडते.

स्कॅनर काय करतो? बाहेरून आलेल्या मूल्याला तो डागी समजतो. मग तो डाग कुठून कुठे जातो ते पाहत जातो : या चलातून त्या चलात, या फंक्शनमधून त्या फंक्शनमध्ये, फांदी फुटली तर दोन्ही फांद्यांनी. वाटेत डाग धुणारी पायरी लागली तर ठीक. न लागता डाग डेटाबेसच्या दारापर्यंत पोचला तर इशारा, आणि इशाऱ्याबरोबर सगळी वाट : या फाइलची ही ओळ, मग त्या फाइलची ती. आमच्या यार्डाच्या कोडवर हा इशारा पहिल्यांदा आला तेव्हा पाच पायऱ्यांची ती वाट मी मुलांना फळ्यावर काढून दाखवली. दुरुस्ती दोन ठिकाणी केली. चार अक्षरे-सात आकडे या नमुन्यात न बसणारे काहीही फाटकावरच नाकारले, आणि डेटाबेसला वाक्य आधीच ठरवून दिले व नंबर वेगळ्या हाताने, नुसते मूल्य म्हणून, पोचवला.

या डाग शोधण्याच्या मागे जे शास्त्र आहे त्याला डेटा-फ्लो विश्लेषण म्हणतात, आणि त्याचा एक मोठा ठेवा आपल्या पवईत आहे. १९७३ मध्ये गॅरी किल्डॉलने त्याची एकत्रित गणिती मांडणी केली. हेतू होता कंपायलरने कोड वेगवान करण्याचा. आयआयटी मुंबईत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी या प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम केले. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकामुळे इंजिनिअरिंगच्या अनेक पिढ्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे. प्रा. उदय खेडकर आणि ढमढेरे यांचा डेटा-फ्लो विश्लेषणाच्या सर्वसाधारण सिद्धांतावरचा निबंध १९९४ मध्ये एसीएमच्या मान्यवर नियतकालिकात आला, आणि खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा याच विषयावरचा ग्रंथ २००९ मध्ये निघाला. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये कोड वाचून दोष शोधणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले. तिथल्या परंपरेतून आलेले व्हेरिअॅब्ज हे साधन २०२० च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर-पडताळणी स्पर्धेत रीचसेफ्टी गटात पहिले आले. कोनहून निघालेला विद्यार्थी दोन तासांत पवईला पोचतो. हे शास्त्र परके समजून घाबरण्याचे काही कारण नाही, आणि ते इथलेही आहे हे कुणी त्याला सांगितलेले नसते याचे मला वाईट वाटते.

पण शास्त्रानेच एक मर्यादाही सिद्ध केली आहे. हेन्री राइसच्या १९५३ च्या प्रमेयातून निघते ते असे : प्रोग्रॅम कसा वागेल याविषयीच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाला, सगळ्या प्रोग्रॅमसाठी, दर वेळी अचूक उत्तर देणारे यंत्र असूच शकत नाही. म्हणजे प्रत्येक स्कॅनर काही ठिकाणी उगाच ओरडणार किंवा काही ठिकाणी गप्प राहणार, आणि बहुतेक दोन्ही करणार. विकणारा काहीही सांगो. नवशिक्याने हे पहिल्याच दिवशी मनात पक्के धरावे, नाहीतर पुढचा अनुभव त्याला निराश करील.

तो अनुभव म्हणजे पहिला अहवाल. मी ज्या एका चमूबरोबर काम करत होते, तिथे आम्ही सगळे नियम चालू करून स्कॅनर बसवला आणि पहिल्याच रात्री चारशेच्या वर इशारे आले. त्यांतले बरेच निरुपद्रवी. आम्ही नियम असा केला होता की इशारा असेल तर कोड पुढे जाणार नाही. दोन आठवड्यांत स्कॅनर बंद करण्यात आला, आणि खरे चार-पाच दोष त्या ढिगातच राहिले. चूक माझी होती. जुने कापड आणि नवे कापड मी एकाच टेबलावर टाकले होते.

आता मी असे करते. पहिल्या दिवशी जुन्या इशाऱ्यांची मोजदाद करून ते बाजूला नोंदवून ठेवायचे. अडवायचे फक्त नव्याने लिहिलेल्या ओळींवरचे, आणि त्यातही सुरुवातीला केवळ गुपिते. बाकीचे इशारे टिप्पणी म्हणून दाखवायचे. बदलागणिक होणारी तपासणी पाच-दहा मिनिटांत संपलीच पाहिजे, नाहीतर लोक तिला वळसा घालतात. सगळ्या रेपोचे खोल स्कॅनिंग रात्रपाळीला. जुन्या ढिगातून दर आठवड्याला थोडे उचलायचे, आणि त्यासाठी एका माणसाची पाळी लावायची. कुठला आधी? १० पैकी ९ गुण असलेला, पण आपल्या कोडमधून जिथे वाटच जात नाही असा दोष थांबू शकतो. अमेरिकेची सिसा ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांची यादी जाहीर ठेवते; त्यात नाव असेल तर गुण न पाहता आधी तो. एखादा इशारा चुकीचा ठरला तर तो दाबता येतो, पण दाबणाऱ्याने कारण आणि तारीख लिहिलीच पाहिजे. सहा महिन्यांनी ते कारण पुन्हा वाचायचे.

इथे अण्णांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट कामाला येते. ताग्यावर साच्याचा नंबर असायचा, म्हणजे दोष कुठून आला ते कळे. जुन्या काळी मुंबईच्या गिरण्यांत खराब कापडाबद्दल विणकराला दंड होई, मजुरीतून पैसे कापून ते कापड त्याच्याच गळ्यात मारले जाई. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंड आणि कपातीला मर्यादा घातल्या. ज्याला दंडाची धास्ती, तो दोष लपवणारच. गिटमध्येही प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचे नाव असते. काही ठिकाणी मी पाहिले आहे की कुणाच्या नावावर किती इशारे याचा तक्ता भिंतीवर लावतात. तिथली माणसे लवकरच इशारे दाबायला शिकतात. व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे की हे करू नका. नंबर साच्यापर्यंत पोचण्यासाठी आहे, विणकराच्या मजुरीपर्यंत नव्हे.

तपासणारी यंत्रणा स्वतःही बाहेरून आणलेले सॉफ्टवेअरच असते, हे विसरले जाते. २०२१ मध्ये कोडकव्ह या चाचणी-साधनाच्या स्क्रिप्टमध्ये जानेवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत भेसळ होती आणि ती वापरणाऱ्यांच्या किल्ल्या बाहेर जात होत्या. मार्च २०२५ मध्ये गिटहबवर टीजे-अॅक्शन्सच्या एका घटकाचे असेच झाले. २३,००० हून अधिक रेपो तो वापरत होते. तिथे आवृत्तीची चिठ्ठी तीच राहिली आणि चिठ्ठीमागचा कोड बदलला. ज्यांनी चिठ्ठीऐवजी नेमका कमिट-क्रमांक लिहून ठेवला होता, त्यांतले बहुतेक वाचले. म्हणून स्कॅनर बसवताना त्याला फक्त वाचण्याची मुभा द्यावी आणि त्याची आवृत्ती सीलच्या नंबरासारखी नेमकी नोंदवावी.

आणि काही वेळा एकही स्कॅनर ओरडत नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने जगाला कळवले की एक्सझेड या लिनक्सवरच्या साध्या संपीडन-साधनात चोरदरवाजा आहे. त्याच्या लक्षात एवढेच आले होते की सर्व्हरवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. त्याने खणले. घातक तुकडा चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि त्याला जागे करणारी ओळ रेपोत नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. रेपो कितीही बारकाईने स्कॅन केला असता तरी ती दिसली नसती. हे प्रकरण मी पुस्तकात सविस्तर घेतले आहे. यंत्र नेहमीच्या तुटक्या धाग्यांचा भार उचलते म्हणूनच माणसाकडे त्या अर्ध्या सेकंदाकडे पाहण्याइतकी शक्ती उरते, असे मला वाटते.

वाचकाकडून पूर्वतयारी फारशी अपेक्षित नाही. कुठल्यातरी एका भाषेत शे-दोनशे ओळी लिहिता येत असाव्यात आणि गिट रोज वापरात असावे. डेटा-फ्लोच्या प्रकरणात थोडे गणित आहे. ते अडले तर उदाहरण आधी कागदावर काढा, मग सूत्राकडे या. कायद्याचा भाग मुद्दाम छोटा ठेवला आहे, पण वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्याने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली दंडाची कमाल रक्कम, २५० कोटी रुपये, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. ज्यांनी विकतची साधने परवडत नाहीत म्हणून हा विषय टाळला, त्यांना सांगते की इथली बहुतेक प्रात्यक्षिके मोफत आणि मुक्त साधनांवर केलेली आहेत, एका जुन्या लॅपटॉपवर, वीज जाते-येते अशा घरात.

पहिला पाठ गुपितांचा आहे. तो वाचण्याआधी स्वतःचा एक जुना रेपो निवडा, ज्याच्याकडे वर्षभर पाहिलेले नाही असा, आणि त्याच्या पहिल्या कमिटपासून आजपर्यंतच्या सगळ्या इतिहासावर स्कॅन लावा. चालू असताना उठून जाऊ नका. ओळी सरकताना बघा. काही सापडले तर पुस्तक मिटून ठेवा, आधी ती किल्ली बदला, आणि मग दुसऱ्या पानावर या.

कोन, ता. पनवेल